न केलेल्या कामाची सही

गावाकडे अजूनही माझी ओळख 'मिलिटरीवाला' अशीच आहे. मी वायुसेनेत होतो, बंदूक फार क्वचित हातात घेतली, सगळी नोकरी पाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि ग्रीस यांच्यात गेली, हे कितीही सांगितलं तरी पारावरच्या मंडळींना पटत नाही. "पण लढला कुठं?" हा प्रश्न येतोच. मी हसून विषय बदलतो. कारण खरं उत्तर सांगायला लागलो तर ते एका वहीपाशी येऊन थांबतं आणि वहीच्या गोष्टीत कुणाला रस असणार?

आज ती वहीची गोष्ट सांगतो.

वायुसेनेच्या प्रत्येक विमानाची स्वतःची एक नोंदवही असते. आम्ही तिला 'एफ-७००' म्हणतो. विमान कुठल्या दिवशी कुणी तपासलं, काय बिघाड सापडला, कोणता भाग काढला, कोणता बसवला, हे सगळं त्यात उतरतं. काम करणारा सही करतो. त्याच्यावरचा माणूस काम पाहून सही करतो. सगळ्यात शेवटी वैमानिक येतो, पानं चाळतो, सही करतो आणि विमानात चढतो. तो बाहेरून एक फेरी मारतो, पण इंजिनाचं झाकण उघडत नाही, ब्रेकच्या नळ्या मोजत नाही. तेवढा वेळ त्याला नसतो आणि ते त्याचं कामही नसतं. तो आमच्या सह्यांवर उडतो.

मी नुकताच सार्जंट झालो होतो तेव्हाची गोष्ट. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या एका तळावर पोस्टिंग होतं. हिवाळ्याचे दिवस. एएन-३२ विमानं अरुणाचलातल्या पुढच्या धावपट्ट्यांवर रेशन, रॉकेल आणि डाक घेऊन जायची. सकाळी धुकं असायचं. ते उठलं की डोंगरात ढग भरायच्या आत जाऊन परत यायचं, म्हणजे हाताशी दोन-तीन तासच असायचे. त्यामुळे धुकं विरळ व्हायला लागलं की सगळ्या लाइनवर धावपळ सुरू व्हायची.

त्या दिवशी माझ्याकडे तीन विमानं होती. चाकं आणि टायर एका तरुण पोराने तपासले होते. पोरगा चांगला होता, कामाला पक्का. त्याची सही झाली होती. आता मी वाकून पाहायचं आणि माझी सही करायची. गवत दवाने भिजलेलं, बोटं गारठलेली, समोर वैमानिक उभे. मी वाकलो नाही. सही केली.

आमचे वॉरंट साहेब केरळचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, बोलणं कमी. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "टायर देखा?"

"देखा, साब."

"तो बताओ, अंदर वाले टायर पर चॉक से क्या बना है?"

मी गप्प. त्यांनी पहाटेच आतल्या बाजूच्या टायरवर खडूने एक फुली काढून ठेवली होती. वाकून पाहणाऱ्याला ती दिसल्याशिवाय राहिली नसती.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. मला विमानाखाली वाकवलं, सगळी चाकं दाखवायला लावली. एफ-७०० मध्ये खाडाखोड चालत नाही. चुकीच्या नोंदीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही करायची आणि नवी नोंद लिहायची. तसं करायला लावलं. मग एवढंच म्हणाले, "टायर आज ठीक है. तुम्हारा सिग्नेचर ठीक नहीं है."

टायर खरोखरच ठीक होते. विमान गेलं, दुपारी परत आलं. काहीही झालं नाही. म्हणूनच ती गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. काही झालं असतं तर मी अपघाताला घाबरलो असतो. काहीच झालं नाही, म्हणून मला स्वतःकडे पाहावं लागलं. न पाहिलेल्या गोष्टीखाली मी सही केली होती आणि करताना मला काहीही वाटलं नव्हतं. हात आपोआप चालला होता.

पुढे वेळ मिळेल तसे मी विमान अपघातांचे चौकशी अहवाल वाचायला लागलो. त्यातला एक अहवाल मी पुन्हा पुन्हा वाचला. तो अमेरिकेतला आहे, १९९६ सालचा.

व्हॅल्यूजेट नावाची एक स्वस्त तिकिटांची विमान कंपनी होती. १९९३ मध्ये सुरू झालेली आणि झपाट्याने वाढलेली. जुनी विमानं घ्यायची, दुरुस्ती बाहेरच्या कंत्राटदाराकडून करून घ्यायची, खर्च कमी ठेवायचा, असा तिचा हिशेब. १९९६ च्या सुरुवातीला तिने एमडी-८० जातीची तीन जुनी विमानं विकत घेतली आणि मायामीतल्या सेबरटेक या दुरुस्ती कंपनीकडे तयार करायला दिली.

या विमानांत प्रवाशांच्या डोक्यावर ऑक्सिजनचे मुखवटे असतात. केबिनमधला हवेचा दाब गेला की ते खाली पडतात. त्यांना ऑक्सिजन पुरवतं ते एक छोटं डबडं. त्याला ऑक्सिजन जनरेटर म्हणतात. आत सोडियम क्लोरेट हे रसायन असतं. दोरी ओढली की स्प्रिंगची पिन सुटते, टिकली फुटते आणि रसायनातून ऑक्सिजन निघू लागतो. पण त्याबरोबर उष्णताही निघते. डबड्याचं बाहेरचं अंगच सव्वादोनशे-अडीचशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. विमानात ते पत्र्याच्या कप्प्यात नीट बसवलेलं असतं, तिथे चालतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात ते म्हणजे काडेपेटी आणि पंखा एकत्र ठेवल्यासारखं.

या डबड्यांची मुदत १२ वर्षांची. ती बऱ्याच डबड्यांची संपत आली होती किंवा संपली होती, म्हणून जुनी काढून नवी बसवायची होती. कामासाठी कार्ड होतं, क्रमांक ००६९. त्यावर एकेक पायरी लिहिलेली आणि समोर सहीची जागा. एक पायरी साफ शब्दांत अशी होती की, काढलेलं डबडं वापरून झालेलं नसेल तर त्याच्या पिनेवर सुरक्षेची टोपी बसवायची. प्लॅस्टिकची, बोटाच्या पेराएवढी टोपी.

टोप्या हँगरमध्ये नव्हत्या.

आता हँगरमधली परिस्थिती पाहा. काम मागे पडलं होतं. विमान उशिरा दिलं तर दर दिवसामागे २५०० डॉलर व्हॅल्यूजेटला सोडायचे, असा करार होता. माणसं बारा-बारा तास, आठवड्याचे सातही दिवस कामावर होती. त्यातली पुष्कळशी कंत्राटावर आणलेली. या एकाच कार्डाच्या कामावर ७२ जणांनी मिळून सुमारे ९१० तास नोंदवले होते, असं चौकशीत निघालं. बहात्तर हात लागलेलं काम म्हणजे खरं तर कुणाच्याच हातातलं काम नव्हे, हे फौजेत राहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

काहींनी दोऱ्या कापल्या, काहींनी त्या डबड्याभोवती गुंडाळून ठेवल्या, म्हणजे धोका त्यांना कळत होता. टोप्या हव्यात हेही काहींना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, तेव्हा टोप्या नाहीत असं उत्तर मिळालं. विमानांत नवी डबडी बसली होती, विमानं उडायला ठीक होती. राहिला होता फक्त काढून ठेवलेला जुना माल. मग कार्डावर टोपीच्या पायरीसमोर सही झाली. तपासनिसाचीही झाली. कागदावर टोप्या बसल्या.

डबड्यांना हिरव्या चिठ्ठ्या बांधल्या. त्या दुकानात हिरवी चिठ्ठी म्हणजे 'दुरुस्त करून वापरण्याजोगा माल'. चिठ्ठीवर काढण्याचं कारण लिहिलं होतं, मुदत संपली. पाच खोकी भरली आणि माल पाठवण्याच्या विभागात जाऊन पडली. काही दिवसांनी तिथे साफसफाईचं फर्मान निघालं, कारण एक नवं गिऱ्हाईक पाहणीला येणार होतं. तिथल्या क्लार्कने खोकी नीट लावली, वर हवेच्या बुडबुड्यांचं प्लॅस्टिक घातलं, चिकटपट्टी मारली. पाठवणीच्या कागदावर लिहिलं गेलं, 'ऑक्सिजनचे डबे, रिकामे'.

आपल्या भाषेत हा घोटाळा चटकन कळतो. 'संपलेले' म्हणजे मुदत संपलेले की आतलं रसायन संपलेले? डब्यांची मुदत संपली होती. रसायन जवळजवळ सगळ्यांत जसंच्या तसं होतं. त्या क्लार्कला हे कळायला एकच मार्ग होता, तो म्हणजे कागद. आणि कागद सांगत होता की सगळं नियमाप्रमाणे झालं आहे.

११ मे १९९६, शनिवार. व्हॅल्यूजेटचं फ्लाइट ५९२, डीसी-९ विमान, मायामीहून अटलांटाला निघालं. पाच खोकी कंपनीचा स्वतःचा माल म्हणून पुढच्या सामानाच्या कप्प्यात ठेवली. विमानाचे काही टायरही त्याच कप्प्यात होते. खोकी टायरवर आणि टायरभोवती रचली. व्हॅल्यूजेटला धोकादायक माल नेण्याची परवानगीच नव्हती, पण 'रिकामे डबे' धोकादायक कसे असतील?

दुपारी २ वाजून ४ मिनिटांनी विमानाने जमीन सोडली. सहा मिनिटांत वैमानिकांना एक वेगळा आवाज आला. मग वीज जाऊ लागली, केबिनमध्ये आग आणि धूर. त्यांनी विमान मायामीकडे वळवलं. २ वाजून १३ मिनिटांनी ते एव्हरग्लेड्सच्या दलदलीत जवळजवळ नाकावर कोसळलं. आतले ११० जण गेले, १०५ प्रवासी आणि ५ कर्मचारी. दलदल, धारदार गवत, सांडलेलं इंधन आणि मगरी यांच्यात उतरून शोधपथकांनी अवशेष गोळा केले.

सामानाचा तो कप्पा बंदिस्त होता. आग लागलीच तर आतला ऑक्सिजन संपून ती आपोआप विझेल, अशी त्याची कल्पना. म्हणून त्यात धूर ओळखणारं यंत्र नव्हतं आणि आग विझवणारंही नव्हतं. पण इथे आगच स्वतःचा ऑक्सिजन तयार करत होती.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर सगळा दोष हातात पाना धरणाऱ्याच्या माथी मारला जाईल. अशा कप्प्यात धूर ओळखणारी आणि आग विझवणारी यंत्रणा बसवा, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने आधीच केली होती. फेब्रुवारी १९८८ मध्ये नॅशव्हिलला उतरणाऱ्या एका विमानाच्या अशाच कप्प्यात रसायनांमुळे आग लागली होती. ते विमान सुखरूप उतरलं. शिफारस झाली, पण नियामक संस्थेने खर्चाच्या मानाने फायदा कमी म्हणून ती मानली नाही. फ्लाइट ५९२ नंतर १९९८ मध्ये नियम आला आणि २००१ पर्यंत विमानांत ती यंत्रणा बसली. सुरक्षा मंडळाच्या अहवालाने दोष तिघांवर ठेवला: माल नीट न बांधणारी आणि नीट न ओळखवणारी सेबरटेक, कंत्राटदाराकडे लक्ष न देणारी व्हॅल्यूजेट आणि नियम न करणारी सरकारी संस्था.

मग खटला उभा राहिला. विमान अपघातावरून एखाद्या दुरुस्ती कंपनीवर फौजदारी खटला, ही अमेरिकेतही तोवर न घडलेली गोष्ट होती. खोट्या नोंदींचा कट केल्याचा आरोप कंपनीवर आणि तिच्या माणसांवर होता. डिसेंबर १९९९ मध्ये ज्यूरीने कटाचा आरोप मानला नाही. खटल्याला उभे राहिलेले कंपनीचे दोन माजी कर्मचारी निर्दोष सुटले. एक जण खटल्याआधीच पळून गेला होता. कंपनी धोकादायक मालाच्या आणि प्रशिक्षणाच्या कलमांखाली दोषी ठरली. २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने त्यातलं बहुतेक रद्द केलं, उरलं ते एकच, माणसांना प्रशिक्षण न दिल्याचं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. ११० माणसं गेली आणि खोटी सही गुन्हा ठरली नाही? पण थोड्या दिवसांनी मला ती धुक्यातली सकाळ आठवली. मी कट केला होता का? माझ्या मनात कुणाचं वाईट करायचं होतं का? काहीच नव्हतं. घाई होती, थंडी होती आणि 'पोराने पाहिलंय ना' एवढा विश्वास होता. ज्यूरीला कट दिसला नाही, कारण बहुधा तो नव्हताच. हँगरमध्ये सवय होती. कटासाठी चार माणसांना एकत्र बसावं लागतं. सवयीला तेवढीही गरज लागत नाही.

म्हणजे कट कधी नसतोच असं नाही. त्याच मायामीत मुख्यालय असलेली ईस्टर्न एअरलाइन्स ही अमेरिकेतली एकेकाळची फार मोठी कंपनी. जुलै १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये तिच्यावर आणि तिच्या देखभाल विभागातल्या नऊ अधिकाऱ्यांवर ६० कलमांचं आरोपपत्र दाखल झालं. आरोप असा की, विमानं वेळेवर सुटावीत म्हणून न झालेली दुरुस्ती झाली असं लिहायला वरून सांगितलं जात होतं. न्यूयॉर्कची दोन विमानतळं आणि अटलांटा, तिन्हीकडे. कंपनी तेव्हा कर्जात आणि संपात बुडालेली होती. जानेवारी १९९१ मध्ये ती बंदच पडली आणि त्याच वर्षी तिने गुन्हा कबूल केला. त्या नोंदींमुळे कुठलं विमान पडलं नाही. पण कागद खोटा करण्याचा हुकूम वरून कसा उतरतो, हे त्या प्रकरणात स्पष्ट दिसलं. तो हुकूम कधी 'खोटं लिही' असा येत नाही. तो येतो 'विमान नऊला सुटलं पाहिजे' असा.

आणि खोटी किंवा न तपासलेली नोंद किती दिवस जगते? याचं उत्तर तैवानच्या एका अपघातात आहे.

७ फेब्रुवारी १९८० रोजी चायना एअरलाइन्सचं एक बोइंग ७४७ हाँगकाँगला उतरताना त्याची शेपटी धावपट्टीला घासली. तात्पुरती दुरुस्ती झाली. मे महिन्याच्या शेवटी तैपेईत कायमची दुरुस्ती झाली. घासलेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा रिव्हेट मारून बसवला. बोइंगच्या पुस्तकाप्रमाणे खराब भाग कापून काढायला हवा होता, नाहीतर वरचा पत्रा घासलेल्या जागेच्या पुरेसा पलीकडे जायला हवा होता. तसं झालं नव्हतं. ओरखडे खाली तसेच राहिले आणि त्यावर चकचकीत पत्रा बसला. नोंदवहीत ओळ होती ती एवढीच की, पोटाच्या भागाची दुरुस्ती बोइंगच्या पुस्तकाप्रमाणे केली.

ही ओळ जाणूनबुजून खोटी लिहिली असं चौकशीत सिद्ध झालेलं नाही. लिहिणाऱ्याला कदाचित तसंच वाटत असेल. पण ती ओळ २२ वर्षं पुढच्या प्रत्येक तपासनिसाला सांगत राहिली की, इथे पाहण्यासारखं काही नाही. खाली ओरखड्यांतून तडे वाढत गेले. केबिनमध्ये हवा भरली की ताण, उतरली की सैल, प्रत्येक उड्डाणागणिक एकदा. नोव्हेंबर २००१ मध्ये जुन्या दुरुस्त्यांची पाहणी करताना काढलेल्या फोटोंत त्या पत्र्याभोवती तपकिरी डाग दिसतात. आतली हवा बाहेर झिरपत असल्याची ती खूण होती. तिचा अर्थ लागला तो अपघातानंतर.

२५ मे २००२ रोजी तैपेईहून हाँगकाँगला जाताना, पेंगहू बेटांजवळ, ते विमान आकाशातच तुटलं. २२५ माणसं गेली. चौकशीत दिसलं की तुटण्याआधी तडा निदान १८० सेंटीमीटरचा झाला होता, म्हणजे माणसाच्या उंचीएवढा. दुरुस्ती झाली त्या दिवसांत जी मुलं पाळण्यात होती, ती त्या विमानात तरुण प्रवासी म्हणून बसू शकली असती.

या तिन्ही प्रकरणांकडे पाहून मला एक साधी गोष्ट कळली, जी वॉरंट साहेबांना न वाचता ठाऊक होती. आपण समजतो की नोंद म्हणजे झालेल्या कामाची पावती. वरिष्ठांना दाखवायची, फाइलला लावायची. तसं नाही. पुढच्या माणसाला जे दिसणार नाही, ते नोंद त्याला दाखवते. मायामीतल्या क्लार्कला पिनेवरची टोपी दिसत नव्हती. तैपेईतल्या तपासनिसाला पत्र्याखालचा ओरखडा दिसत नव्हता. त्यांना लिहिलेलं तेवढं दिसत होतं आणि लिहिलेलं चुकीचं होतं. आपल्या आधीच्या पाळीतला भिडू काय करून गेला, हे त्याच्या लिहिण्यावरूनच कळतं. संत्री बदलताना 'सब ठीक' म्हणतो, तसंच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कार्डावर न झालेलं कामही लिहिता येतं. एफ-७०० मध्ये राहिलेल्या कामासाठी, पुढे ढकललेल्या बिघाडासाठी वेगळी पानं असतात. जगातल्या सगळ्या विमान-नोंदवह्यांत या ना त्या रूपात तशी सोय असते. सेबरटेकच्या हँगरमध्ये कुणी कार्डावर लिहिलं असतं की 'टोप्या उपलब्ध नाहीत, बसवलेल्या नाहीत', तर कार्ड उघडं राहिलं असतं. विमान कदाचित आणखी एक दिवस अडकलं असतं. २५०० डॉलर गेले असते. कुणीतरी ओरडलं असतं आणि ओरडता ओरडता टोप्या मागवल्या गेल्या असत्या. 'नाही' हा शब्द लिहायची हिंमत आणि मुभा, एवढंच तिथे कमी पडलं.

हिंमत माणसाची असते, मुभा मात्र वरच्याने द्यायची असते. अमेरिकेत १९७४ मध्ये वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगरावर आदळलं. तशीच चूक थोड्याच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांकडून होता होता राहिली होती, पण ती बातमी इतरांपर्यंत पोहोचली नव्हती. त्यानंतर १९७६ मध्ये नासाकडे एक व्यवस्था सुरू झाली. आपली किंवा आपल्या समोर झालेली चूक कुणीही तिथे कळवू शकतो. नाव गुप्त राहतं. वैमानिकही लिहितात आणि मेकॅनिकही. कळवणाऱ्याला अकारण शिक्षा नाही. आमच्या वॉरंट साहेबांनी त्या सकाळी माझी तक्रार वर नेली नाही, नोंद मात्र दुरुस्त करून घेतली. आता वाटतं, त्यांनीही तेच केलं. नेली असती तर मी पुढच्या वेळी वाकून पाहायला शिकलो नसतो, पकडलं न जायला शिकलो असतो.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण एक फोन आहे.

माझ्या हाताखाली काम केलेला एक पोरगा आता पेन्शनीत निघून दक्षिणेतल्या एका शहरात प्रवासी विमानांच्या दुरुस्तीच्या हँगरमध्ये लागला आहे. आपले कितीतरी जण असे तिथे, हैदराबादला, बेंगळुरूला, नागपूरच्या मिहानमध्ये आहेत. रात्री साडेअकराला त्याचा फोन आला.

"सर, एक विचारायचं होतं. बोल्ट कसलेत, पण टॉर्क रेंच कॅलिब्रेशनला गेलाय. हाताच्या अंदाजाने कसलेत. कार्डावर टॉर्कचा आकडा टाकून बंद कर म्हणतायत. विमान पहाटे जायचंय."

"तुला काय वाटतं, बोल्ट ठीक आहेत?"

"वीस वर्षं हेच केलंय, सर. ठीकच असतील."

"मग माझ्याकडे फोन कशाला केलास?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "घराचा हप्ता आहे, सर. मुलगी यंदा बारावीला आहे."

मला पटकन काही बोलता येईना. पेन्शनवर बसून उपदेश करणं सोपं असतं. नोकरी त्याची जाणार होती, माझी नव्हे. मी त्याला 'सही करू नकोस' असं म्हणालो नाही. म्हणालो, "जे केलंस ते लिही. रेंच नव्हता, हेही लिही. त्याखाली तुझी सही कर. बाकीचं ज्याला विमान पहाटे सोडायचंय त्याला ठरवू दे, पण त्याने ते स्वतःच्या सहीने ठरवावं."

दोन दिवसांनी त्याने कळवलं. कार्ड उघडं राहिलं. दुसऱ्या विभागातून रेंच मागवला. विमान सहा तास उशिरा गेलं. रेंच लावून पाहिलं तेव्हा सगळे बोल्ट बरोबर कसलेले निघाले.

"म्हणजे उगाचच झालं, सर," तो म्हणाला.

मी त्याला खडूच्या फुलीची गोष्ट सांगितली. त्याने ती आधी ऐकलेली नव्हती. वीस वर्षांत मी ती कुणालाच सांगितली नव्हती, लाज वाटायची म्हणून. तो हसला. मग म्हणाला की, त्या दिवसापासून त्याला सलग रात्रपाळी लागली आहे आणि कधी बदलेल ते कुणी सांगत नाही.

ती अजून बदललेली नाही. परवा पुन्हा फोन आला होता, रात्री दीडला, चहाच्या सुट्टीत. मुलीचा सराव परीक्षेचा निकाल चांगला लागलाय म्हणाला. मग म्हणाला, "ठेवतो सर, एक चाक पाहायचंय."